तेरा आणि पंधराच्या मध्ये

मालवण
रविवार, ११ ऑगस्ट २००२

प्रिय दादा,

आता दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली आहेत. मी रापण संघाच्या खोलीत बसलो आहे. थोड्या वेळापूर्वी मी नव्या प्रोग्रॅमची शेवटची चाचणी घेतली. ती बरोबर आली, प्रिंटर यादी काढू लागला आणि अर्ध्या यादीवर वीज गेली. प्रिंटरच्या तोंडातून कागद तसाच लोंबतो आहे. ओढला तर फाटेल, म्हणून हात लावला नाही. वीज येईपर्यंत दुसरे काही करता येणार नाही, म्हणून कडेला भोके असलेल्या अशाच एका जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला तुला लिहितो आहे. उद्या सकाळी धोंडू बर्फाचा टेम्पो घेऊन शिरोड्याला जाईल, तेव्हा त्याच्या हाती देईन.

तुझा ठिकाणा मला धोंडूनेच सांगितला. त्याच्यावर रागावू नकोस. तो म्हणाला, "तुझो भाव थयल्या एका लॉजात मासे साफ करता. माका बघल्यान आणि पाठ केल्यान. मिया हाक मारूक नाय." ट्रॉलर सोडून तुला नऊ महिने झाले, हेही त्याच्याकडूनच कळले. मी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही. तू दोन एसटींच्या अंतरावर आहेस हे माहीत असूनही मी आलो नाही, कारण मला वाटले, पाठ फिरवायची वेळ तुझ्यावर पुन्हा आणू नये.

येत्या २१ तारखेला, बुधवारी, जाळे जोडायचे आहे. गुरुवारी नारळी पौर्णिमा. त्या बुधवारबद्दल आणि चौदा नंबरबद्दल मला तुला सांगायचे आहे. पण तुला माझी सवय माहीत आहे, मला कोणतीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही. पहिल्या ओळीपासून सांगतो. प्रोग्रॅमही तसाच चालतो.

भरडावरच्या संचिता मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासला तू मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला होतास, तो दिवस मला नीट आठवतो. गणिताने मला दहावीतच घरी बसवले होते आणि जाळ्यात मी कधीच धड चाललो नाही, दोर ओढताना माझी नजर दोरावर कमी आणि दोराच्या गाठींवर जास्त असायची. तू मॅडमना म्हणालास, "ह्येका काय्येक येना नाय, पण ह्याची अक्षरां चुकनत नाय." मला तेव्हा फार लाज वाटली होती. पुढे कळले की या कामाला तीच गोष्ट सगळ्यात आधी लागते. माणसाला चुकीचे लिहिले तरी समजून घेता येते. कॉम्प्युटर एका अक्षरासाठी अडून बसतो. क्लासमध्ये कॉलेजची मुले माझ्यापेक्षा भराभर शिकत, पण पहिल्या झटक्यात न अडकता चालणारा प्रोग्रॅम बहुतेक माझाच असायचा, कारण मी एंटर दाबण्याआधी प्रत्येक ओळ तीनदा वाचत असे. मॅडम म्हणायच्या, "निकेत, भीतीसुद्धा उपयोगी असते, फक्त तिला कामाला लावायला हवे."

मॅडम वैभववाडीच्या. भात आणि काजू त्यांना कळतात, समुद्र कळत नाही. संघासाठी वाटपाचा प्रोग्रॅम करायचा ठरले तेव्हा त्यांना रापण समजावून सांगायला मला एक अख्खी दुपार लागली होती. मी सांगितले की आमचे जाळे एकाच्या मालकीचे नसते. प्रत्येक घर आपला तुकडा आणते, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते सगळे तुकडे ओळीने एकमेकांना शिवतात आणि त्याचे एक लांबच लांब जाळे होते. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडते आणि मग दोन्ही टोके सगळी वाडी मिळून किनाऱ्यावर ओढते. मासळीचे वाटे पडतात ते दोन हिशोबांनी. ओढणाऱ्या हाताला एक आणि जाळ्यातल्या तुकड्याला एक. मॅडमनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तुझी टेबले किती?" टेबल म्हणजे कॉम्प्युटरमधला नोंदींचा तक्ता. मी म्हणालो, एक. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "करून बघ."

करून बघितल्यावर काय झाले ते तुला आठवतच असेल, कारण सगळ्यात मोठ्याने तूच हसला होतास. माणसाचे नाव, त्याची त्या दिवसाची हजेरी आणि त्याचा वाटा, सगळे मी एकाच टेबलात बसवले होते. हजेरी नाही तर वाटा नाही. संघाचे पुढारी म्हणून गुणाजीकाका किनाऱ्यावर यादी वाचायला लागले आणि आईच्या नावापुढे आले. "यमुनाबाई, शून्य." आई टोपली घेऊन उभी. बाबा गेल्यापासून त्यांचा तुकडा तिच्या नावावर जाळ्यात आहे, पण ती काही दोर ओढत नाही. मथुराकाकी ओरडली, "गो यमुना, तुझ्या झिलान तुका उपाशी ठेवल्यान गो!" सगळा किनारा हसला. आई मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. ती मला म्हणाली, "तुझ्या मशिनीक सांग, हात नसलो तरी जाळा आसा." त्याच रात्री मी दुसरे टेबल केले. एकात माणसे, दुसऱ्यात जाळ्याचे तुकडे, आणि दोघांना जोडणारा एक नंबर. आईने सांगितलेली ती एक ओळ मॅडमनी फळ्यावर समजावली असती तर अर्धा तास लागला असता.

नंबरावरूनही भांडण झाले होते. आपल्या वाडीत दत्ताराम तुझ्याखेरीज आणखी दोन आहेत, म्हणून नुसत्या नावावर भागणार नव्हते. बाळाकाका म्हणाले, "आमी काय तुरुंगातले कैदी, नंबर लावून घेवक?" तेव्हा गुणाजीकाकांनी सांगितले, "जाळ्यात तुझो तुकडो जितक्यावो बसता, तोच तुझो नंबर. जाळा माशाक कैदी करता, तुका न्हय." मग सगळ्यांनी नंबर घेतले. तू चौदा झालास. तुझ्या आधी तेरावा आईचा तुकडा, तुझ्यानंतर पंधरावे बाळाकाका, त्यांचे तुकडे दोन पण जागा एकच, त्यांच्यानंतर मथुराकाकी. मी माणसांची नावे त्याच क्रमाने भरली. ज्यात मी हा प्रोग्रॅम लिहितो तो फॉक्सप्रो प्रत्येक नोंदीला आपोआप एक अनुक्रमांक देतो, तोच मी नंबर म्हणून धरला. वेगळा नंबर ठेवायची गरज मला दिसली नाही. ही चूक दीड वर्ष कोणाच्या लक्षात आली नाही, आणि आली नाही तेच बरे झाले असे मला एके काळी वाटत होते. का, ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या त्या सकाळबद्दल मी तुला काही लिहिणार नव्हतो. पण ती वगळली तर पुढचे कळणार नाही. त्या दिवशी अख्ख्या वाडीने ओढून जाळ्यात चार टोपल्या तारली आली होती. तू सगळ्यांसमोर म्हणालास की चाळीस जणांनी चार टोपल्या ओढण्यापेक्षा गोव्याच्या ट्रॉलरवर जाणे परवडले. गुणाजीकाका म्हणाले की ट्रॉलरवर जाणाऱ्याचा तुकडा जाळ्यात राहत नाही. ते एवढेच म्हणाले होते, दादा. काढायला कोणी आले नव्हते. सुरी तूच काढलीस, दोन्ही बाजूंची शिवण तूच कापलीस आणि तुकडा वाळूत टाकून निघून गेलास. मी तो डोक्यावर घेऊन घरी आणला. ओला होता, जड होता. मथुराकाकी एका बाजूने हात लावायला आली होती. तेव्हापासून तो पडवीत आढ्याला टांगलेला आहे.

त्याच आठवड्यात गुणाजीकाका या खोलीत आले आणि म्हणाले, "चवदा नंबर खोडून टाक." मी तुझ्या नोंदीवर जाऊन डिलीट दिले. त्यांना पडद्यावर नाव अजून दिसत होते, फक्त त्याच्या पुढे एक छोटी चांदणी आली होती. त्यांनी विचारले, "खोडलंस मा? मग ह्या दिसता कसा?" मी त्यांना जसे आहे तसे सांगितले. यात डिलीट म्हणजे फक्त खूण. नाव यादीत छापले जात नाही, वाट्यात धरले जात नाही, पण ते आत असते. पॅक नावाची दुसरी आज्ञा दिली की खुणेची नावे कायमची जातात. तोपर्यंत रिकॉल म्हटले की चांदणी पुसली जाते आणि नाव पहिल्यासारखे. त्यांनी चांदणीवर बोट ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे खोडलेला परत वाचूक येता." मी म्हणालो, होय. ते म्हणाले, "तसाच ऱ्हवांदे," आणि विडी पेटवायला बाहेर गेले.

बाळाकाकांचा विकी आता अठरा वर्षांचा झाला. त्याने स्वतःचा तुकडा विणायला घेतला आणि बाळाकाका म्हणू लागले की चौदावी जागा रिकामी आहे तर ती विकीला द्या, बापलेक शेजारी शेजारी बसतील. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. गेल्या डिसेंबरात त्यांनी बैठकीत विषय काढला, तेव्हा गुणाजीकाकांनी मला आधी नकलेवर करून बघायला सांगितले. मी फाइल दुसऱ्या फ्लॉपीवर घेतली आणि पॅक दिले. इथल्या दमट हवेत फ्लॉपीवरची चिठ्ठी दोन दिवसांत सुटते, हे मला माहीत असायला हवे होते. दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर पडलेल्या, दोन्ही फ्लॉप्या काळ्या. दुसऱ्या दिवशीची यादी मी चुकीच्या फ्लॉपीवरून छापली.

तू तिथे असायला हवा होतास. तुझे नाव गेल्यामुळे तुझ्या मागची सगळी माणसे एकेक घर पुढे सरकली होती, तुकडे मात्र आपल्या जागेवर होते. त्यामुळे बाळाकाका चौदा झाले आणि त्यांना तुझ्या तुकड्याचा वाटा मिळाला, म्हणजे काहीच नाही. मथुराकाकी पंधरा झाली आणि बाळाकाकांच्या दोन तुकड्यांचे वाटे तिच्या पायाशी येऊन पडले. बाळाकाका ओरडत होते, "माझो वाटो खंय? माका ट्रॉलरवालो केल्यास काय रे?" आणि मथुराकाकी कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "माझो तुकडो एक, वाटे दोन कशे? रात्री ह्या जाळ्याक पोरां झाली काय?" तिने स्वतः बांगडे मोजून बाळाकाकांच्या टोपलीत टाकले. गुणाजीकाकांनी संध्याकाळी सगळ्यांना सांगितले, "चवदा नंबर काढूक जमणा नाय. मशिनीत नंबर सरकतत. बघलास मा?" बाळाकाकांनी बघितलेच होते. विषय तिथेच मिटला. त्या दिवशी सगळे मला हसले, पण मला वाईट वाटले नाही. माझ्या चुकीमुळे तुझे नाव राहिले होते.

मॅडमना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. त्यांना गंमत वाटली नाही. त्या म्हणाल्या, "रांगेतली जागा म्हणजे माणसाची ओळख नव्हे, निकेत. पुढचा माणूस गेला की जागा बदलते. ओळख ज्याची त्याच्यासोबत राहायला हवी." त्यांनी विचारले, उद्या वाडीतला कोणी वारला तर तू काय करणार? त्याचे नाव काढताच येत नाही म्हणून त्याच्या बायकोला काय सांगणार? चुकीचे आहे हे कळल्यावर ते तसेच ठेवणे मला जमत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. लहानपणी शाळेच्या भिंतीवर कोणी चुकीचे काही लिहिले असले तरी मी ते खडूने दुरुस्त करून येत असे आणि तू मला त्यावरून चिडवत असायचास.

म्हणून या पावसाळ्यात मी सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. प्रत्येकाचा नंबर आता त्याच्या नोंदीतच वेगळा लिहिलेला आहे. तुकड्यांच्या टेबलातही तोच नंबर आहे आणि दोन्ही टेबले त्या नंबरानेच एकमेकांना ओळखतात. कोणी मध्येच गेला, कोणी शेवटी आला, नावे उलटी लावली, तरी कोणाचा वाटा दुसऱ्याकडे जाणार नाही. खारट वाऱ्याने बटणे अडकतात म्हणून कीबोर्डवर आईचे जुने लुगडे घालून ठेवतो, तेवढीच आता या खोलीत काळजीची गोष्ट उरली आहे. प्रोग्रॅमची मला भीती वाटत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितो आहे, म्हणून दोनदा वाचून पाहिले. बरोबर आहे.

गेल्या रविवारी बैठक झाली. बाळाकाकांनी विकीचा तुकडा आणून सगळ्यांसमोर पसरला. चांगला विणला आहे, गाठी सारख्या आहेत. त्यांनी चौदा नंबर मागितला. गुणाजीकाका माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, "काय रे निकेत, मशिनीक आता तरी जमता काय?" मला कळत होते की त्यांना कोणते उत्तर हवे आहे. नाही एवढेच म्हणायचे होते. कोणी तपासायला येणार नव्हते. पण आत्ताच नाही म्हटले, तर उद्या मी छापलेल्या वाट्यावर कोणी का विश्वास ठेवावा? मी म्हणालो, "व्हय. जमता." गुणाजीकाकांनी हातातली विडी विझवली. मला वाटले रागावले. पण मग ते सगळ्यांना म्हणाले, "बरा. मग जाळा जोडतानाच काय ता करूया. तेच्या आदी कोणी हात लावचो नाय." बैठक संपल्यावर मी दाराशी चप्पल शोधत होतो, तेव्हा ते माझ्या मागे येऊन हळूच म्हणाले, "माफी-बिफी कोणाक नको. पण तुकडो ज्याचो तेनाच धरूक व्हयो."

आता त्या अर्ध्या छापलेल्या यादीबद्दल. आजची शेवटची चाचणी म्हणजे पुन्हा नकलेवर पॅक. नंबर सरकले नाहीत. मथुराकाकीला एक वाटा, बाळाकाकांना दोन, आईला तिचा. मला इतका आनंद झाला की मी एकटाच खोलीत टाळी वाजवली. मग कागद हळूहळू वर आला आणि तेरानंतर पंधरा छापले गेले. काहीच चुकले नव्हते. मी बरोबर काम केले होते आणि त्या बरोबर कामात तू नव्हतास. तेवढ्यात वीज गेली.

आईने चार दिवसांपूर्वी तुझा तुकडा आढ्यावरून खाली काढला आणि पडवीत पसरून बसली. मी विचारले, कशाला? म्हणाली, "उंदीर लागतत." उंदीर लागलेले नाहीत, मी बघितले. तिने सुरीने कापलेल्या दोन्ही कडा नव्या सुताने बांधून घेतल्या आहेत.

दादा, पॅकनंतर रिकॉल चालत नाही. मी कितीही चांगले शिकलो तरी ते कोणालाच करता येत नाही. बुधवारी सकाळी तुकडे ओळीने वाळूत मांडतील, प्रत्येक जण आपल्या तुकड्याची कड धरून उभा राहील आणि शिवण आईपासून पुढे सरकेल. तुझा तुकडा मी किनाऱ्यापर्यंत आणून ठेवीन, कारण आणायला कोणाची मनाई नाही. पण धरायचा तूच. तुझ्या वतीने मला तो धरता येत नाही, आईलाही नाही. तू कड धरलेली दिसली की मी धावत खोलीत येऊन एक शब्द टाइप करीन, आणि विकीला शेवटचा नवा नंबर देईन. आता एक नंबर वाढवणे मला दोन मिनिटांचे काम आहे, आणि बाळाकाकांना मीच समजावीन. तू दिसला नाहीस तर दुसरा शब्द टाइप करीन, कारण तसे कबूल केले आहे. दोन्ही शब्द मला बिनचूक लिहिता येतात. पहिला लिहायला मिळावा म्हणून हे पत्र. २० तारखेच्या, मंगळवारच्या दुपारच्या गाडीने ये. धोंडू टेम्पोतून आणायला तयार आहे, पण तो मालवणपर्यंत तोंड मिटणार नाही, म्हणून एसटीचे पैसे सोबत ठेवतो आहे.

वीज आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून उरलेली यादी छापायला लावली आहे. थांबवत नाही, नक्कलच आहे.

तुझाच
निकेत

खर्च: तुकड्याच्या कडांचे सूत ५५ रुपये, आईने दिले, मला सांगितले नाही, दुकानदाराने सांगितले. धोंडूला पत्राचे काही नाही, तो घेत नाही.
देणे: कोणाचे नाही.
सोबत पन्नासची नोट. शिरोडा ते वेंगुर्ले ९, वेंगुर्ले ते मालवण २२, स्टँडवर चहा आणि भजी ७, एकूण ३८. उरलेले १२ रुपये मला परत आणून दे.